सिस्टरबाई आणि अर्धा चमचा

सिस्टरबाईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं आता दोनच उरली आहेत. एक त्यांची धाकटी बहीण आणि दुसरे म्हातारे पाळकसाहेब. पाळकसाहेबांना आता नीट ऐकू येत नाही, त्यामुळं ते हाक मारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढचं बोलायला लागतात. बाकी सगळ्या जगासाठी त्या सिस्टरबाई. मिशनच्या दवाखान्यात, प्रसूतीच्या वॉर्डात छत्तीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार? पोस्टमन त्यांच्या हातचा, बँकेतला कारकून त्यांच्या हातचा, कोपऱ्यावरच्या न्हाव्याची तिन्ही पोरं त्यांच्या हातची. ज्याची नाळ आपण कापली त्यानं आपल्यापुढं आवाज चढवू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते, आणि ती बहुतेक वेळा पाळली जाते.

त्यांचे यजमान त्याच दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांना सगळे ‘अर्धा चमचा’ म्हणत, तेही तोंडावर. कारण औषधाच्या खिडकीतून बाटली देताना त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे, “अर्धा चमचा, दोन वेळा, जेवणानंतर.” एकदा नव्यानं आलेल्या डॉक्टरांनी गमतीनं विचारलं, “काका, संसार टिकवायला काय करावं?” कंपाउंडरांनी मान वर न करता सांगितलं, “कमी बोलावं. अर्धा चमचा, दोन वेळा, जेवणानंतर.”

त्या काळी औषधं दवाखान्यातच बनत. लाल, गुलाबी, दुधी रंगाची मिश्रणं मोठ्या बरण्यांत असत आणि बाटलीच्या पोटावर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे, एक खाच म्हणजे एक डोस. ती पट्टी कातरण्यात कंपाउंडरांचा हात धरणारा कुणी नव्हता. सिस्टरबाई तेव्हा एकवीस वर्षांच्या, नुकत्याच रुजू झालेल्या. स्पिरिट नाहीतर कापूस संपला की त्यांनाच औषधाच्या खिडकीशी पाठवत. एका हिवाळ्यात त्यांना खोकला झाला. कंपाउंडरांनी बाटली दिली. पट्टीच्या खाचांशेजारी बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘रोज संध्याकाळी एकदा, चर्चच्या पायऱ्यांवर.’ सिस्टरबाईंनी तो डोस न चुकता घेतला. खोकला तीन दिवसांत गेला, पण पायऱ्यांवरचं औषध वर्षभर चाललं आणि मग त्याच चर्चमध्ये लग्न झालं.

लग्नाच्या आधीची एक दुपार मात्र सिस्टरबाईंच्या मनात कायमची राहिली. सातव्या महिन्यातच एक बाई बाळंत झाली. घर ख्रिस्ती होतं, पहिलंच मूल. मुलगा झाला, तळहाताएवढा. रडला नाही, पण श्वास घेत होता, मांजराच्या पिल्लासारखा, थांबून थांबून. आज अशा मुलांसाठी काचेच्या पेट्या आहेत, तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या आणि कापूस एवढंच होतं. डॉक्टरबाई ऑपरेशनमध्ये अडकलेल्या. बाप सायकल घेऊन पाळकसाहेबांना आणायला धावला. आईनं सिस्टरबाईंचा हात धरला आणि म्हणाली, “ते यायच्या आत जाईल हा. तुम्हीच बाप्तिस्म्याचं पाणी घाला.”

सिस्टरबाई घाबरल्या. आपण ना पाळक, ना चर्चची वडील मंडळी. ‘शिकाऊ’ हा शिक्का जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. पण ते मूल कुणासाठी थांबणार नव्हतं. त्यांनी स्टीलच्या वाटीत उकळून गार केलेलं पाणी घेतलं, आईनं सांगितलेलं नाव घेतलं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानं तीन थेंब त्या कपाळावर सोडले. मग त्याला आईच्या छातीवर ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळानं अठरा मिनिटं झाली तेव्हा श्वास थांबला.

पाळकसाहेब आले. तेव्हा ते तिशीतले, दाढी काळीभोर, सायकलच्या दांडीवर बसून आल्यामुळं लंगडत होते. सिस्टरबाईंनी चोरी कबूल करावी तसं सगळं सांगितलं.

“मला अधिकार नव्हता ना?”

“पाणी ओलं होतं का?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“होतं.”

“मग झालं. पाणी घातलं नसतं तर देवबापानं त्याला ओळखलं नसतं, असं काही मी मानत नाही. पण या आईनं आपल्या मुलाला नावानं हाक मारलेली त्यानं ऐकली. ते तुझ्यामुळं झालं.”

खरी लढाई पुढं झाली, रजिस्टर ठेवणाऱ्या कारकुनाशी. तो म्हणाला, “मृत जन्म असं लिहून टाका, एका ओळीत काम होतं. नाहीतर जन्माचं रजिस्टर वेगळं, मृत्यूचं वेगळं, वेळा टाका, सह्या घ्या. अठरा मिनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला?”

सिस्टरबाईंनी दोन्ही रजिस्टरं स्वतःकडं ओढली आणि दोन्हींत लिहिलं. जन्म दुपारी दोन वाजून पाच मिनिटं. मृत्यू दोन वाजून तेवीस मिनिटं. कारकून तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिला. सिस्टरबाईंना मात्र त्या दिवशी काहीतरी पक्कं उमगलं होतं. माणूस किती वेळ राहिला यावर तो माणूस आहे की नाही हे ठरत नाही. कुणी विचारलं असतं तर त्यांना ते इतकं नीट सांगता आलं नसतं, पण पुढं सगळं आयुष्य त्या त्याच समजुतीवर चालल्या.

त्यांच्या स्वतःच्याही दोन खेपा वाया गेल्या, एक दुसऱ्या महिन्यात, एक चौथ्या. तिसऱ्या वेळी मुलगी झाली. त्यामुळं वॉर्डात कुणी नर्स सहज म्हणून गेली, “अजून काही नव्हतंच, नुसता गोळा होता,” तर सिस्टरबाई तिच्याकडं अशा बघत की ती बिचारी दिवसभर त्यांच्या समोर यायची नाही.

सिस्टरबाई वॉर्डच्या मुख्य नर्स झाल्या, आणि अशात शिंपीणबाई आली.

कपडे शिवायची म्हणून तिला सगळे शिंपीणबाई म्हणत. नवरा बसचा ड्रायव्हर. दोन मुली, एक सहा वर्षांची, एक तीन. दोन्ही बाळंतपणं सिस्टरबाईंनीच केलेली, आणि दोन्ही वेळा जीव मुठीत धरून. लहानपणी ताप येऊन तिच्या हृदयाची एक झडप आकसली होती. दुसरीच्या वेळी डॉक्टरबाईंनी निक्षून सांगितलं होतं, आता पुरे. तरी तिसऱ्यांदा दिवस राहिले. चौथा महिना लागला आणि तिला आडवं होता येईना. खुर्चीत बसून, पुढं टेबलावर उशी ठेवून त्यावर डोकं टेकून झोपायची. ओठ निळे, पाय सुजलेले, बोलताना तिसऱ्या शब्दाला दम.

डॉक्टरबाईंनी तीन आठवडे औषधांवर ठेवून बघितलं. मोठ्या शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या अवस्थेत झडपेचं ऑपरेशन केलं तर ती टेबलावरच जाईल. डॉक्टरबाई स्वतः पाळकाच्या घरात वाढलेल्या, दर रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्या. दवाखान्याचा नियम त्यांना तोंडपाठ होता: इथं गर्भ पाडायचा नाही. फक्त आईच्याच जिवावर बेतलं तर तिघांनी बसून विचार करायचा, डॉक्टर, पाळक आणि वॉर्डची मुख्य नर्स, आणि दोघांच्या तरी सह्या हव्यात. इतक्या वर्षांत तो कागद कधी बाहेर निघाला नव्हता.

तिघं डॉक्टरबाईंच्या खोलीत बसले. खिडकीबाहेर चादरी वाळत होत्या.

“असंच ठेवलं तर पाचव्या महिन्याच्या आत ती जाईल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ती गेली की पोटातलंही जाईल. ते इतकं लहान आहे की बाहेर जगू शकणार नाही. हा जीव की तो जीव, असं निवडायचं नाहीये. दोन्ही घालवायचे की एक वाचवायचा, एवढंच आपल्या हातात आहे.”

पाळकसाहेबांनी नियमाचा कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, “मला एक दिवस द्या.” दुसऱ्या दिवशी ते आले ते सुकलेल्या चेहऱ्यानं. म्हणाले, “हे चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. पण यापेक्षा कमी वाईट मला सापडलं नाही.” आणि सही केली.

सिस्टरबाईंनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

“माझ्याच्यानं होणार नाही, डॉक्टरबाई. मी त्याचे ठोके ऐकलेत. हत्यारंही मी देणार नाही.”

“तुमच्या सहीवाचून अडत नाही,” डॉक्टरबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. “पण शिंपीणबाई माझी नाही, तुमची पेशंट आहे. ती तुमच्याच नावानं हाका मारते.”

शुक्रवारी सकाळी दहाला ठरलं. हत्यारं द्यायला दुसरी नर्स उभी राहिली. सिस्टरबाई व्हरांड्यात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या. आतून शिंपीणबाईचा दमलेला आवाज आला, “सिस्टरबाई कुठायत?” एकदा आला, दोनदा आला. तिसऱ्यांदा सिस्टरबाईंनी हातातला टॉवेल टाकला, हात धुतले, आत गेल्या आणि डॉक्टरबाईंकडं न बघता टेबलाच्या उशाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“आले ग. इथंच आहे.”

शिंपीणबाईनं त्यांचं मनगट धरलं. “मला पाप लागेल का?”

सिस्टरबाईंनी इतक्या वर्षांत असंख्य बायकांना असंख्य उत्तरं दिली होती. त्यातलं एकही न देता त्यांनी तिच्या कपाळावरचा घाम पुसला. म्हणाल्या, “तू श्वास घे. तेवढं एकच काम कर. बाकीचं देवाशी बोलायला आम्ही तिघं आहोत.”

झाल्यावर त्यांनी ते इवलंसं शरीर बादलीत जाऊ दिलं नाही. नव्या मऊ फडक्यात गुंडाळलं, कंपाउंडरांकडून पुठ्ठ्याचा स्वच्छ खोका मागून आणला आणि पाळकसाहेबांना म्हणाल्या, “सही केलीत, आता प्रार्थनाही करा.” दवाखान्यामागच्या कबरस्तानात भिंतीकडेची हातभर जागा कंपाउंडरांनी स्वतः खणली. पाळकसाहेबांनी चार वाक्यं म्हटली. ‘आमेन’ झाल्यावर सिस्टरबाईंनी मागं वळून बघितलं, तर डॉक्टरबाई उभ्या. पांढरा कोट अंगात तसाच, हात मागं बांधलेले.

परतीच्या वाटेवर डॉक्टरबाई म्हणाल्या, “मी चुकले असं वाटतं का तुम्हाला?”

“ते मूल होतं असं मला वाटतं. तुम्ही चुकलात असं मी म्हटलेलं नाही.”

“दोन्ही एकदम कसं खरं असेल?”

“ते मला विचारू नका. मी नर्स आहे,” सिस्टरबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाई आठ दिवसांनी पहिल्यांदा हसल्या, तेही अर्ध्या ओठांनी.

शिंपीणबाई वाचली. वर्षभरानं तिच्या झडपेचं ऑपरेशनही झालं. मुलींच्या शाळेचे कपडे शिवताना तिच्या मशीनचा आवाज गल्लीत ऐकू आला की सिस्टरबाई पाऊल हळू करायच्या. एकदा घरी येऊन त्या कंपाउंडरांना म्हणाल्या, “अहो, खरं सांगू? सही न करण्याची चैन मला परवडली, कारण दुसऱ्या दोघांनी केली होती. मी एकटीच असते तर काय केलं असतं कोण जाणे.”

“डॉक्टरबाईंना हे सांगितलंस का?”

“नाही.”

“सांग. त्यांना बरं वाटेल. अर्धा चमचाच सांग.”

सिस्टरबाईंनी सांगितलं. त्यानंतर त्या दोघींची अशी मैत्री झाली की चहाच्या वेळी डॉक्टरबाईंची खोली आतून बंद असे आणि बाहेर हसण्याचा आवाज येई.

वर्षं भराभर गेली. मिश्रणाच्या बरण्या गेल्या, कारखान्याच्या गोळ्या आल्या, कातरलेल्या पट्ट्यांची कुणाला आठवण उरली नाही. मुलगी शिकून परदेशी गेली, इंजिनिअर झाली. डॉक्टरबाई निवृत्त झाल्या, मग कंपाउंडर, मग सिस्टरबाई. दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं. कंपाउंडर सकाळी पेपर वाचत, दुपारी घड्याळं दुरुस्त करत आणि संध्याकाळी बायकोबरोबर चर्चच्या पायऱ्यांपर्यंत चालत जात. आयुष्यातली सगळ्यात बरी वर्षं कुठली, असं कुणी विचारलं तर सिस्टरबाई हीच सांगतात. काही घडलं नाही अशी सहा वर्षं.

मग कंपाउंडरांची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. चार चार तास यंत्राला बांधलेले. पहिलं वर्ष त्यांनी हसत काढलं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटांना ते यंत्राचे आवाज ओळखायला शिकवत. दुसऱ्या वर्षी हृदय साथ देईना. यंत्र लावलं की रक्तदाब घसरायचा, डोळे पांढरे व्हायचे, घरी आल्यावर उरलेला दिवस पोटऱ्यांत गोळे. एक दिवस यंत्रावर, एक दिवस त्यातून सावरण्यात. पायऱ्यांपर्यंतचं चालणं संपलं, मग दारापर्यंतचं, मग खाटेपासून खुर्चीपर्यंतचं.

एका दुपारी दुखणं फार होतं. कंपाउंडर भिंतीकडं तोंड करून म्हणाले, “अगं, तुला मात्रा ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. एकदाच जास्त दे. कुणाला कळायचं नाही.”

सिस्टरबाई हातातला कप विसळत होत्या. विसळतच राहिल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“माझ्यासाठी सुद्धा नाही?”

“तुमच्यासाठी तर नाहीच. दुखतंय ते कमी करायला जे लागेल ते देईन, तुमचा हात धरून बसेन, डॉक्टरबाईंना उठवून आणीन. पण जीव घ्यायला माझा हात पुढं होणार नाही. ज्या हातानं पोरं बाहेर काढली तो हात आहे हा.”

कंपाउंडरांनी भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं. मग म्हणाले, “बरं. चूक झाली. दुखत होतं म्हणून बोललो.”

“ते ठाऊक आहे मला,” सिस्टरबाई म्हणाल्या आणि मागच्या अंगणात जाऊन नळ सोडून पोटभर रडून घेतलं.

चार दिवसांनी कंपाउंडर पुन्हा बोलले, पण आता आवाज शांत होता. “जास्त दे असं म्हणत नाही. पण हे यंत्र नको आता. मला मरायचं नाहीये, मला थांबायचंय. नुसतं घरी राहू दे. जेवढे दिवस असतील तेवढे.”

सिस्टरबाईंना हे त्याहून जड गेलं. जास्त डोसला ‘नाही’ म्हणणं सोपं होतं, ते शब्द आयुष्यभर तयार होते. पण यंत्र थांबवलं की आठ-दहा दिवसांत माणूस जातो, हे त्यांना माहीत होतं. मग हे तेच झालं नाही का, फक्त सावकाश? यंत्र थांबवायला ‘हो’ म्हणणं म्हणजे शिंपीणबाईच्या वेळची सहीच नाही का? आणि आता सही करायला दुसरं कुणी नव्हतं.

त्या पाळकसाहेबांकडं गेल्या. पाळकसाहेब आता ऐंशीच्या पुढचे, कानात यंत्र, दाढी पिंजलेल्या कापसासारखी. डॉक्टरबाईही काठी टेकत आल्या. पुन्हा तेच तिघं, एका टेबलाभोवती.

सिस्टरबाईंनी सगळं मोठ्यानं, दोनदा सांगितलं. पाळकसाहेबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

“मला पूर्वी वाटायचं,” ते म्हणाले, “जीव वाचवण्यासाठी जे जे करता येईल ते केलंच पाहिजे, नाहीतर विश्वासात कमी पडलो. पण आपला विश्वास मरणापाशी संपतो का? संपत असता तर मी इतकी वर्षं कबरींपाशी उभा राहून काय बोललो? जीव देवाचा आहे, तो आपण घ्यायचा नाही. पण त्यानं बोलावलेल्या माणसाचा सदरा धरून मागं ओढत राहायचं, असंही कुठं सांगितलेलं नाही.”

“पण थांबवणारी मीच ना?”

डॉक्टरबाईंनी काठी बाजूला ठेवली. “सिस्टर, त्यांना यंत्र मारत नाहीये आणि तुम्हीही मारणार नाही. त्यांचा आजार त्यांना नेतोय. यंत्रानं आजपर्यंत दिवस दिले, आता ते फक्त त्रास देतंय. औषधाचा उपयोग संपला की औषध बंद करतो ना आपण? त्याला कुणी खून म्हणत नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि पेशंटला विचारलंत ना? विचारायला पेशंट शुद्धीवर आहे, हे काय कमी आहे? तेव्हा शिंपीणबाईच्या पोटातल्याला आपल्याला विचारता आलं नव्हतं.”

घरी जाताना सिस्टरबाई डॉक्टरबाईंचा हात धरूनच चालल्या.

मुलगी तिसऱ्या दिवशी पोहोचली. बॅग दारातच ठेवून आईवर चालून आली. तिनं येताना विमानात बसून तीन दवाखान्यांना पत्रं लिहिली होती. कुठंतरी नवी पद्धत होती, कुठंतरी नवं यंत्र.

“आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी भांडलीस, आई. अठरा मिनिटांच्या बाळासाठी भांडलीस, ती गोष्ट ऐकत मी मोठी झाले. आणि बाबांसाठी भांडत नाहीस?”

सिस्टरबाईंना ते लागलं. त्या खुर्चीत बसल्या आणि मुलीला समोर बसवलं.

“भांडले ग. दोन वर्षं भांडले. तू दिवस मोजत होतीस, मी पोटऱ्या दाबत होते. आता त्यांना काय हवंय ते तूच विचार. मी मध्ये बोलणार नाही, बाहेर जाऊन बसते.”

मुलगी तासभर आत होती. सिस्टरबाई पायरीवर बसून राहिल्या. आतून आधी रडण्याचा आवाज आला, आणि मग चक्क हसण्याचा. मुलगी बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते.

“बाबा म्हणतात, तुझ्या त्या नव्या यंत्राला सांग, अर्धा चमचा उशीर झाला,” ती म्हणाली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

यंत्र थांबवलं आणि पुढचे नऊ दिवस ते घर भरलेलं राहिलं. डॉक्टरबाई सकाळ-संध्याकाळ येत. पाळकसाहेबांनी प्रभूभोजन घरीच दिलं. भाकरीचा कण कंपाउंडरांना गिळेना, तेव्हा ओठांना लावून परत घेतला. शेजारपाजारचे एकेक करून आले आणि कंपाउंडरांनी प्रत्येकाशी दोन शब्द बोलून घेतले. त्यांनी दुरुस्त केलेली घड्याळं मुलीनं खिडकीत ओळीनं लावली. प्रत्येकाची वेळ थोडी वेगळी होती. कंपाउंडरांना ते दिसलं तेव्हा म्हणाले, “बघ, इतकी वर्षं काय काम केलं मी,” आणि स्वतःच हसले.

मुलीनं आणि बापानं त्या नऊ दिवसांत इतक्या गप्पा मारल्या की आधीच्या पंधरा वर्षांत फोनवर तेवढ्या मारल्या नव्हत्या. त्यांनी तिला तिच्या जन्माची गोष्ट सांगितली. आई लेबर रूमच्या आत आणि ते औषधाच्या खिडकीत, आणि हातातल्या बाटलीवर तीन वेळा चुकीची पट्टी चिकटवली, उभ्या आयुष्यात तेवढ्या एकाच दिवशी.

आठव्या दिवशी दम वाढला. डॉक्टरबाईंनी दुखणं आणि दम उतरवणारं इंजेक्शन लिहून दिलं, किती आणि किती वेळानं तेही. सिस्टरबाईंनी ते स्वतःच्या हातानं दिलं. नवव्या दिवशी सकाळी आठला पुन्हा दिलं. कंपाउंडरांचा श्वास सैल झाला, कपाळावरची आठी गेली. त्यांनी डोळे उघडून बायकोकडं बघितलं, काहीतरी म्हणाले, ते तिला समजलं नाही. साडेनऊच्या सुमाराला, समोरच्या शाळेत प्रार्थना चालू असताना, ते गेले. मुलीचा एक हात त्यांच्या पायावर होता, सिस्टरबाईंचा छातीवर. श्वास थांबल्यावर सिस्टरबाईंनी सवयीनं घड्याळाकडं बघितलं, पण खिडकीत सात घड्याळं होती आणि सातही वेगळं सांगत होती.

दफनानंतर मुलगी महिनाभर राहिली. तिनं आईला आपल्याबरोबर चल म्हणून फार आग्रह केला. सिस्टरबाई म्हणाल्या, इथं मला सगळे सिस्टरबाई म्हणतात, तिथं मला काय म्हणतील?

मनात एक सल मात्र राहिला. सकाळचं आठ वाजताचं इंजेक्शन. लिहून दिलं होतं तेवढंच, एक थेंब जास्त नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी वाटायचं, त्या सुईनं त्यांना लवकर नेलं का? दोन महिन्यांनी त्यांनी तो विषय पाळकसाहेबांकडं काढला. ओरडून सांगावं लागलं आणि शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं, इतकं ओरडून.

पाळकसाहेबांनी विचारलं, “सुई टोचताना तुला काय हवं होतं?”

“त्यांचा दम कमी व्हावा.”

“आणखी काही?”

सिस्टरबाईंनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. “नाही. ते आणखी राहिले असते तर मला हवेच होते.”

“मग तेवढंच तू केलंस,” पाळकसाहेब म्हणाले. “उरलेलं तुझ्या हातात नव्हतं. ते असतं असं समजणं हाही एक प्रकारचा अहंकारच.”

सिस्टरबाईंना राग आला. छत्तीस वर्षं नर्स असलेल्या बाईला कुणी अहंकारी म्हणावं? पण घरी येऊन चहा ठेवताना तो राग ओसरला आणि त्या दिवशी त्या बऱ्याच दिवसांनी दुपारी गाढ झोपल्या.

आता गल्लीत कुणाच्या घरी अवघड दुखणं आलं की सिस्टरबाईंना बोलावणं येतं. दवाखान्यात न्यायचं की घरीच ठेवायचं, नळी घालायची की नाही, आईला सांगायचं की लपवायचं. लोकांना वाटतं, सिस्टरबाई धर्माच्या आहेत, त्यांना उत्तर माहीत असेल. सिस्टरबाई उत्तर देत नाहीत. त्या आधी आजारी माणसाच्या खोलीत जातात, खुर्ची पलंगाजवळ ओढतात, हात धरतात आणि विचारतात, “तुम्हाला काय हवंय ते मला सांगा.” घरातली माणसं दारात ताटकळत उभी राहतात. मग सिस्टरबाई त्यांनाही आत बोलावून बसवतात.

परवा डॉक्टरबाईंनी त्यांना विचारलं, “तुम्ही सगळ्यांना एवढं विचारता, तुमचं काय? तुमच्या वेळी आम्ही काय करायचं ते सांगून ठेवा.”

“दुखलं तर सुई द्या,” सिस्टरबाई म्हणाल्या. “यंत्र नको. घाई नको. आणि तुम्ही माझ्या आधी जायचं नाही, एवढं बघा.”

“तेवढं माझ्या हातात नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

दोघी व्हरांड्यात बसल्या होत्या. समोरून शाळा सुटलेली मुलं जात होती. त्यातली निम्मी तरी सिस्टरबाईंच्या हातच्यांची मुलं होती. सिस्टरबाई त्यातल्या काहींना त्यांच्या आईबापांवरून ओळखत होत्या, काहींना नाही, आणि ज्यांना ओळखत नव्हत्या त्यांच्याविषयी डॉक्टरबाईंना विचारत होत्या.